आधी भाकर, मग प्रश्न

बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट आपल्याकडे बहुतेक वेळा कार्मेल डोंगरावरच संपते. संडे स्कूलमध्ये आम्हाला तरी तिथपर्यंतच शिकवली. बआल नावाच्या परक्या दैवताचे साडेचारशे संदेष्टे एका बाजूला, एलीया एकटा दुसऱ्या बाजूला, वेदीवर घागरी भरभरून ओतलेलं पाणी, आणि मग वरून अग्नी पडतो आणि लाकडं, दगड, माती सगळं खाऊन टाकतो, चरातलं पाणीसुद्धा चाटून टाकतो. मुलं टाळ्या वाजवतात, एक अ‍ॅक्शन साँग होतं, खाऊ वाटला जातो आणि सगळे घरी. पुढचा अध्याय कुणी सांगतच नाही. आणि मला तर आता वाटतं की दमलेल्या, मोडून पडायला आलेल्या माणसासाठी अख्ख्या पवित्र शास्त्रात जे काही लिहिलंय त्यातलं सगळ्यात गरजेचं त्या पुढच्याच पानावर आहे. पहिले राजे, अध्याय 19.

तिथे काय होतं बघा. ईजबेल राणीचा निरोप येतो की उद्या या वेळेपर्यंत तुझा जीव घेते. आणि ज्या माणसाने आत्ता आत्ता सगळ्या लोकांसमोर आकाशातून अग्नी मागून घेतला तो जीव घेऊन पळत सुटतो. पार दक्षिणेला बैर-शेबापर्यंत जातो, बरोबरच्या नोकराला तिथे सोडतो आणि पुढे एकटाच रानात दिवसभर चालतो. एका रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि देवाला सांगतो की पुरे झालं आता, माझा जीव घे, मी माझ्या वाडवडिलांपेक्षा काही बरा नाही. एवढं बोलतो आणि झोपून जातो.

आता देवाकडे या माणसाला सुनवण्यासारखं भरपूर होतं. अरे कालच तर एवढं दाखवलं तुला. दुष्काळात ओढ्याकाठी कावळ्यांकडून भाकरी पोचवल्या, सारफथच्या विधवेच्या घरचं पीठ संपू दिलं नाही, तिचा मुलगा उठवला, अग्नी पाडला, पाऊस आणला. तरी तू असा? यातलं एक वाक्य देव बोलत नाही. एक दूत येतो, झोपलेल्या एलीयाला हात लावतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी बघतो तर निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. तो खातो, पाणी पितो आणि परत झोपतो! दूत त्याला झोपू देतो. मग दुसऱ्यांदा येतो, परत हात लावतो, परत तेच, ऊठ, खा, पुढची वाट तुला झेपायची नाही. बस. विश्वासाबद्दल एक अक्षर नाही, पश्चात्तापाबद्दल नाही, माझा जीव घे म्हणालास ते किती मोठं पाप आहे वगैरे काही नाही.

त्यानंतर चाळीस दिवस चाळीस रात्री चालून तो होरेब डोंगरावर पोचतो, आणि तिथे, म्हणजे खाऊन पिऊन झोपून चालून सगळं झाल्यावर, देव पहिला प्रश्न विचारतो. एलीया, तू इथे काय करतोस?

प्रश्नाच्या आधी भाकर आहे. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो आणि हा सगळा लेख खरं तर त्या क्रमाबद्दलच आहे.

यावर लिहायचं कारण माझा धाकटा भाऊ. त्याला विचारूनच लिहितेय, तो म्हणाला लिही ताई, फक्त नाव नको. आम्ही नगर जिल्ह्यातून पुण्यात आलेल्या फॅमिलीतले, तीन पिढ्या ख्रिस्ती, घरात रोज रात्री जेवणाआधी फॅमिली प्रेअर, रविवारी सकाळी कॅम्पातल्या चर्चमध्ये उपासना. भाऊ लहानपणापासून क्वायरमध्ये, तबला वाजवायचा, युथमध्ये पुढे पुढे असायचा. हिंजवडीला चांगली नोकरी लागली, सगळं ठीक चाललेलं, आणि मग हळूहळू तो विझत गेला. काही घडलं नव्हतं, लोक सारखं विचारायचे काय झालं, काय झालं, पण कारण सांगता येईल असं काही झालंच नव्हतं. झोप गेली, जेवण गेलं, सकाळी अंथरुणातून उठणं हेच दिवसभराचं काम होऊन बसलं. तबला कपाटावर गेला. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं आणि गोळ्या सुरू केल्या, आणि हेही नीट समजावून सांगितलं की या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, धीर धरा, मनाने बंद करू नका.

एकदा रात्री तो मला म्हणाला, "ताई, मला प्रार्थना करता येत नाही गं. तोंडातून शब्दच निघत नाही. आपल्या बापा म्हणायला जातो आणि पुढे काहीच नाही."

मी म्हटलं, "मग नको करू. मी करते ना तुझ्या वाटची."

त्या वेळी मला सुचलं ते बोलले, पण नंतर मार्कचं शुभवर्तमान वाचताना बघितलं तर दुसऱ्याच अध्यायात पक्षाघाती माणसाची गोष्ट. कफर्णहूमच्या त्या घरात पाय ठेवायला जागा नाही म्हणून चौघे जण छप्पर उसकटून त्याला बाजेसकट खाली सोडतात. तिथे स्पष्ट लिहिलंय की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. त्यांचा, म्हणजे ज्यांनी उचलून आणलं त्यांचा. बाजेवरचा माणूस तर अख्ख्या गोष्टीत एक शब्द बोलत नाही. त्याचा स्वतःचा विश्वास किती होता, होता की नव्हता, कुणी तपासलेलं दिसत नाही. आणि प्रभूने त्याला हाक काय मारली तर, मुला. इतकी वर्षं ऐकलेली गोष्ट आणि तो माणूस गप्प आहे हे माझ्या तोपर्यंत लक्षातच आलं नव्हतं.

पण सगळे काही असे उचलून नेणारे नसतात. एका प्रार्थना ग्रुपमधले काही जण घरी आले होते, मनाने वाईट नव्हते, कळकळीने आले होते हेही सांगते. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून मोठमोठ्याने प्रार्थना केली आणि जाताना सांगितलं की गोळ्या घेणं म्हणजे देवावर पूर्ण भरवसा नसणं, त्या सोडून दे, विश्वासाने पाऊल टाक. याने ऐकलं. आजारी माणूस ऐकतो हो, त्याला बरं व्हायचं असतं. गोळ्या एकदम बंद केल्या आणि त्यानंतरचे दिवस आम्ही घरच्यांनी कसे काढले ते आम्हालाच माहीत, चक्कर, घाम, रात्र रात्र जागा, आणि त्या सगळ्यावर कडी म्हणजे त्याच्या मनात पक्कं बसलेलं की मी बरा होत नाही म्हणजे माझ्याच विश्वासात खोट आहे. आजार तर होताच, वरून देवाने टाकल्याची भावना. डॉक्टरांनी परत सावरलं म्हणून सावरलं.

मी अगदी मनापासून सांगते, शुगरची गोळी घेणाऱ्या काकांना चर्चमध्ये कुणी अविश्वासू म्हणत नाही, मग मेंदूच्या आजाराची गोळी घेणाऱ्या पोराला का म्हणायचं? त्या रानात देवाने एलीयाला आधी काय दिलं, जेवण आणि झोप. शरीराला लागणाऱ्या गोष्टी. दूतानेच आणून दिल्या, म्हणजे त्या काही कमी आध्यात्मिक झाल्या नाहीत. स्तोत्र 103 मध्ये म्हटलंय की बाप जसा लेकरांवर ममता करतो तसा परमेश्वर करतो, कारण आपली घडण त्याला ठाऊक आहे, आपण माती आहोत हे तो आठवणीत ठेवतो. ज्याला आपण माती आहोत हे आठवतं तो मातीवर चिडत नाही. आपल्यालाच ते आठवत नाही, स्वतःबद्दलही आणि दुसऱ्याबद्दलही.

होरेबवर पुढे काय होतं तेही बघण्यासारखं आहे. देव विचारतो तू इथे काय करतोस आणि एलीया आपली तक्रार सांगतो, मी तुझ्यासाठी एवढं केलं, लोकांनी तुझ्या वेद्या पाडल्या, संदेष्टे मारले, मी एकटाच उरलो आणि आता माझ्याही जिवावर उठलेत. मग तो प्रचंड वारा, भूकंप, अग्नी, आणि शेवटी ती शांत मंद वाणी. यावर आपण शंभर उपदेश ऐकलेत. पण त्या वाणीनंतर देव पुन्हा तोच प्रश्न विचारतो आणि एलीया पुन्हा तेच उत्तर देतो, जवळजवळ शब्दाला शब्द तेच. म्हणजे एवढा मोठा अनुभव येऊनही माणसाची टेप तिथेच अडकलेली. ज्यांच्या घरात डिप्रेशनचा पेशंट आहे त्यांना हे लगेच कळेल, तेच तेच वाक्य दिवसातून कितीदा ऐकावं लागतं. आणि देव त्यावर रागावत नाही. तो पुढचं काम सांगतो, बरोबर अलीशाला देतो म्हणजे सोबत देतो, आणि मग सगळ्यात शेवटी हळूच सांगतो की तू एकटा नाहीस, बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार मी राखून ठेवलेत. ही चूक दुरुस्त करायला देव केवढा थांबला. पहिल्याच दिवशी झुडपाखाली सांगता आलं असतं की. पण तेव्हा एलीयाला आकडा नको होता, पाणी हवं होतं.

आता यशया संदेष्ट्याचं देवाच्या सेवकाबद्दलचं ते वचन, चेपलेला बोरू तो मोडणार नाही, मिणमिणती वात विझवणार नाही. अध्याय 42. आपल्याकडे स्टिकरवर, कॅलेंडरवर, लग्नाच्या गिफ्टवर सुद्धा असतं. पण ते लिहिलं कुणासाठी? तो सगळा भाग बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, बंदिवासातल्या लोकांशी बोलतो. इसवी सनापूर्वी 586 मध्ये यरुशलेम पडलं, मंदिर जळालं, लोक उचलून परमुलखात नेले, आणि देव आपल्याला विसरला असं ज्यांनी जवळपास मान्यच करून टाकलं होतं अशा लोकांना हे सांगितलंय. बोरू तेव्हा नदीकाठी उदंड उगवायचा, त्याची लेखणी करायचे, मोजमापाची काठी करायचे, पावा करायचे, आणि एखादा चेपला तर कोण बघत बसतंय, तो मोडून फेकायचा आणि हात पुढे करून दुसरा तोडायचा. वात जवसाच्या धाग्याची, मातीच्या पणतीत ऑलिव्हच्या तेलात बुडवलेली. तेल संपत आलं की ती उजेड देत नाही, नुसता धूर करते, डोळे चुरचुरतात, घरातलं कुणीही चिमटीत धरून विझवून टाकेल. दोन्ही वस्तू टाकून देण्यात काही चूक नव्हती, व्यवहारच होता तो. हा सेवक तो व्यवहार करत नाही.

आणि मत्तयने हे वचन कुठे आणून ठेवलंय ते बघा, अध्याय 12. शब्बाथाच्या, म्हणजे कामाला मनाई असलेल्या विश्रांतीच्या दिवशी येशूने वाळलेल्या हाताच्या माणसाला बरं केलं म्हणून परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारे यहुदी धर्मपुढारी, त्याला मारायचा बेत करतायत. तो वाद वाढवत नाही, तिथून निघून जातो, मागून खूप लोक येतात, तो सगळ्यांना बरं करतो आणि सांगतो की माझा गाजावाजा करू नका. बरोबर तिथे मत्तय म्हणतो, यशयाने सांगितलं ते हे. रस्त्यावर ओरडत नाही, भांडत नाही, चेपलेला बोरू मोडत नाही. मोठा आवाज नाही. माझ्या भावाच्या डोक्यावर हात ठेवून ज्या आवाजात प्रार्थना झाली ती खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेली असेल.

कुणी म्हणेल की प्रभू नुसता मऊच होता का. नव्हता ना. मंदिरातले चौरंग त्यानेच उलथून टाकले. मत्तय 23 वाचा, अंगावर काटा येतो. पण तो कुणावर कडाडतो ते बघा. जड ओझी बांधून लोकांच्या खांद्यावर ठेवतात आणि स्वतः बोटही लावत नाहीत त्यांच्यावर. कडकपणा ओझं लादणाऱ्यांसाठी आणि सौम्यपणा ओझ्याखाली दबलेल्यांसाठी. आपल्या मंडळ्यांमध्ये बऱ्याचदा बरोबर उलटं चालतं, वर्गणी देणारा, कमिटीवर असलेला कसाही वागला तरी सगळे गोड बोलतात, आणि काही महिने न आलेल्या पोराला, नवऱ्याने टाकलेल्या बाईला, दारू सुटत नाही म्हणून लाजून मागच्या बाकावर बसणाऱ्या माणसाला सगळा उपदेश. मला याचा राग येतो.

गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचंय, कारण पुण्यात राहून आपल्याला हे माहीत नसतं. पंचहौद म्हटलं की पुणेकराला चहाचं प्रकरण आठवतं, 1890 सालचं, टिळक आणि रानडे तिथे चहाला गेले आणि शहरात ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, पेटलं ते. पण त्याच्या आधी त्या मिशनशी एक वेगळीच गोष्ट जोडलेली आहे. नीळकंठशास्त्री गोऱ्हे, 1825 चा जन्म, काशीत वाढलेले चित्पावन पंडित, मिशनऱ्यांचं खंडन करायला म्हणून ख्रिस्ती ग्रंथ वाचायला लागले आणि 1848 मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेतला, पुढे फादर नेहेम्या गोऱ्हे झाले. षड्दर्शनांवर लिहिणारा एवढा मोठा विद्वान, आणि हा माणूस आयुष्यभर शंकांनी छळलेला होता. दुसऱ्यांना पुराव्यानिशी विश्वास समजावून सांगायचा आणि स्वतःच्या मनात मात्र सतत खळबळ. ती गेली नाही, म्हातारपणापर्यंत गेली नाही.

आणि 1882 मध्ये पुण्यात त्यांची गाठ पडली ती पंडिता रमाबाईंशी. रमाबाई तेव्हा जेमतेम चोविसाच्या. आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळात गेले, भावाबरोबर देशभर पायी हिंडल्या, मग 1880 मध्ये भाऊ गेला, लग्न झालं आणि दोन वर्षांच्या आत नवराही पटकीने गेला, कडेवर तान्ही मनोरमा. जुन्या श्रद्धा तर आधीच गळून पडल्या होत्या. अशा बाईशी पंचहौदच्या या शंकेखोर पंडिताचं बोलणं झालं, पुढे रमाबाई इंग्लंडला गेल्यावर गोऱ्ह्यांनी लांबलचक पत्र लिहून त्यांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. 1883 च्या सप्टेंबरात वाँटेजला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. मला हे वाचल्यापासून फार धीर येतो. ज्याची स्वतःची वात धूर करत होती त्याच्याकडूनच देवाने रमाबाईंना उजेड दिला. आधी तू नीट पेट मग बघू, असं देव म्हणाला नाही.

आणि रमाबाई तरी बाप्तिस्म्यानंतर लगेच निवांत झाल्या का? अजिबात नाही. वाँटेजला तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनबरोबर त्यांचे वाद झाले, त्रैक्याबद्दल म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीबद्दल, ख्रिस्ताच्या देवपणाबद्दल, चर्चच्या अधिकाराबद्दल, आणि तिकडच्या मंडळींना ते उद्धटपणाचं वाटलं. बाई हटल्या नाहीत, म्हणाल्या माझी सद्सद्विवेकबुद्धी मी कुणाच्या हातात देणार नाही. पुढे कितीतरी वर्षांनी, इकडे शारदा सदन ही त्यांची विधवा मुलींसाठीची शाळा चालू झाल्यानंतर, त्यांनीच सांगितलं की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडायचा राहिला होता, आणि तो आता सापडला. बाप्तिस्मा घेऊन आठेक वर्षं झाली होती. तेवढी वर्षं देव थांबला, आणि थांबला म्हणजे हात बांधून बसला असंही नाही, त्या काळात अमेरिका झाली, 1889 मध्ये मुंबईला शारदा सदन उभं राहिलं, 1890 मध्ये ते पुण्याला आलं, विधवा मुली शिकायला लागल्या. म्हणजे अर्ध्या सापडलेल्या विश्वासावर देवाने एवढं काम करून घेतलं. दौंडच्या गाडीने जाताना केडगाव लागतं तेव्हा मला हेच डोक्यात येतं, तिथे 1896-97 च्या दुष्काळातल्या शेकडो मुलींना ज्या बाईने जेवू घातलं तिने स्वतः दुष्काळात आई उपाशी मरताना बघितली होती.

मदर तेरेसांचं तर सगळ्यांना माहीत आहे आता. 1997 मध्ये त्या गेल्या आणि दहा वर्षांनी त्यांची खाजगी पत्रं छापून आली, तर कळलं की कितीतरी दशकं त्यांना आतून देव जाणवतच नव्हता, नुसता अंधार. त्यावर तेव्हा टीव्हीवर चर्चा झाल्या की मग हे ढोंग होतं का. ज्यांना ते ढोंग वाटलं त्यांनी स्तोत्र 88 वाचलेलं नसावं. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं कुठेतरी वळतात, शेवटी तरी स्तुती येते, हे एकच असं आहे की अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. कुणी त्याला शेवटचं कडवं जोडून गोड केलं नाही. ते तसंच्या तसं देवाच्या पुस्तकात ठेवलंय, देवाला उद्देशून म्हटलेलं, म्हणजे ज्याला एवढंच म्हणता येतं त्याचंही ऐकून घेतलं जातंय. मी ते भावाला वाचून दाखवलं होतं. तो म्हणाला, हे बायबलमध्ये आहे? आणि मग म्हणाला, परत वाच.

आमच्या चर्चमधल्या एक काकू आहेत, रिटायर्ड नर्स. त्या सगळ्या काळात त्या अधूनमधून डबा घेऊन यायच्या, कधी मटणाचा रस्सा, कधी नुसती मुगाची खिचडी आणि लोणचं. रिक्षा न करता क्वार्टर गेटहून बसने यायच्या, गुडघे दुखत असूनही. दारातूनच विचारायच्या, "जेवलास का रे बाळा?" तो खोलीत असला तर बाहेर बसून आईशी बोलायच्या, तो बाहेर आला तर त्याच्याशी क्रिकेटवर बोलायच्या, त्यांना क्रिकेटमधलं भरपूर कळतं. चर्चला कधी येणार हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. प्रार्थना करायच्या, पण निघताना, उभ्या उभ्या, दोन वाक्यांची. "प्रभू, या लेकराला आज झोप लागू दे. आमेन." मी त्यांना नंतर विचारलं, काकू, तुम्ही त्याला वचन वगैरे काही दिलं नाहीत कधी. त्या म्हणाल्या, "अगं, आयुष्यभर वॉर्डात काम केलं मी. माणूस कण्हत असला की त्याला वाचायला देत नाहीत."

कण्हण्याचं पौलानेही लिहिलंय, रोमकरांस 8. आपल्याला काय मागावं ते कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांत न सांगता येणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. भावाच्या तोंडून जेव्हा शब्द निघत नव्हते तेव्हा प्रार्थना बंद पडली होती असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. पौलाच्या हिशोबाने ती चालू होती.

आणि पेत्र, येशूचा शिष्य. पेत्राशिवाय हा विषय पुरा होऊच शकत नाही. वधस्तंभाच्या आदल्या रात्री प्रभू त्याला सांगतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केलीय, लूक 22. पडायच्या आधी, नाकारायच्या आधी, प्रार्थना झालेली आहे! मग महायाजकाच्या वाड्यात थंडी म्हणून कोळशाचा विस्तव पेटवलेला, पेत्र तिथे शेकत उभा आणि तीनदा म्हणतो मी त्याला ओळखत नाही. पुनरुत्थानाच्या सकाळी कबरेपाशी स्त्रियांना निरोप मिळतो तो मार्कने लिहिलाय, जा, त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला सांगा. शिष्यांना म्हटल्यावर पेत्र आलाच की त्यात, पण नाव वेगळं घेतलंय, कारण त्या आठवड्यात पेत्र स्वतःला शिष्यांमध्ये धरत असेल असं मला वाटत नाही.

मग गालीलचा किनारा, योहान 21. रात्रभर जाळं टाकून हाती काही नाही, पहाटे काठावरून कुणीतरी सांगतो उजवीकडे टाका, एकशे त्रेपन्न मासे. पेत्र पाण्यात उडी टाकून काठावर येतो आणि बघतो तर पुन्हा कोळशाचा विस्तव. त्यावर मासळी, आणि भाकर. त्या वाड्यातल्या विस्तवाची आठवण पेत्राला झाली नसेल असं होणारच नाही. पण येशू काय म्हणतो, या, न्याहारी करा. आणि योहान अगदी स्पष्ट लिहितो, त्यांची न्याहारी झाल्यावर येशूने शिमोन पेत्राला विचारलं. न्याहारी झाल्यावर. विचारलं जरूर, तीनदा विचारलं, झालेलं गेलेलं झाकून ठेवलं नाही, कारण झाकलेलं आत सडत राहतं आणि पेत्राला पुढे मेंढरं सांभाळायची होती. पण भिजलेल्या, रात्रभर जागलेल्या, उपाशी माणसाला नाही विचारलं.

थोमा या शिष्याचंही असंच आहे, त्याच्याबद्दल थोडक्यात एवढंच की प्रभू उठलाय हे मी मानत नाही असं तो आठ दिवस म्हणत राहिला, आणि आठव्या दिवशीही तो त्याच खोलीत बाकीच्यांबरोबर होता. त्यांनी त्याला बाहेर काढलं नाही. काढलं असतं तर प्रभू आला तेव्हा तो तिथे नसता.

भाऊ आता बराच बरा आहे. गोळ्या चालू आहेत, डॉक्टर डोस हळूहळू कमी करतायत. चर्चला कधी येतो कधी नाही, तबला खाली काढलाय पण क्वायरमध्ये परत जायचं म्हणत नाही आणि आम्ही विचारत नाही. रात्रीच्या फॅमिली प्रेअरला बसतो. परवा योहान 21 त्यानेच वाचलं, आणि वाचून झाल्यावर वाद घालायला लागला, जे तो आजाराच्या आधी नेहमी करायचा. त्याचं म्हणणं, तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्र दुःखी झाला असं लिहिलंय पण तो खरं तर चिडला असणार, माणूस आहे, एकदा सांगितलं ना प्रीती करतो म्हणून. मी म्हटलं, नाही, त्याला ते तीन नकार आठवले म्हणून वाईट वाटलं. आई मध्येच म्हणाली की दोन्ही असू शकतं. भाऊ म्हणतो, आणि चिडून उत्तर दिलं तरी प्रभूने त्याला माझी मेंढरं चार असंच सांगितलं ना, मग झालं तर. माझं अजून त्याला पटलेलं नाही, त्याचं मला पटलेलं नाही, आणि येत्या रविवारी उपासनेनंतर तो हे पाळकसाहेबांना विचारणार आहे, म्हणजे आला तर.